कुंडल, पिन ४१६३०९

कुंडलमध्ये गाडी घेणं सोपं आहे, नंबर घेणं अवघड. गाडीला फायनान्सवाला कर्ज देतो. नंबरासाठी वडिलांपुढं उभं राहावं लागतं. पोरगं शोरूमची पायरी चढायच्या आधी महिनाभर याच विचारात असतं की 'एमएच १०'च्या पुढं काय लागणार. ४१४१ हे इंग्रजी आकडे जरा ओढूनताणून, वर एक रेघ मारून काढले की 'दादा' वाचता येतं. ८०५५ चं इंग्रजीत 'बॉस' होतं. ४९१२ म्हणजे पवार. २१४ म्हणजे राम. वाहतूक पोलिसांना या सुलेखनाची कदर नाही, ते पावती फाडतात. पण एकदा दादा झाल्यावर पावतीची काय ती पत्रास? आणि ज्याचा ऊस त्या साली वेळेवर तुटला, तो तर चारही आकडे सारखे मागतो. ७७७७, नाहीतर ९९९९. त्यासाठी आरटीओत पसंती क्रमांकाची जी फी भरतात, तेवढ्यात एके काळी दुभती म्हैस दावणीला आली असती.

थोडक्यात, नंबराचा भाव आमच्या गावात पोराटोरांना ठाऊक आहे. नंबराचा स्वभाव कसा आहे, हे मात्र कुणी बघत नाही.

स्वभाव बघणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, शिक्षण पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात, तिथं १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस पटकावलेलं, आणि पुढं १९३० पासून १९६२ ला निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. नाद मात्र असा की डोंबिवली स्टेशनावर त्यांना संख्यांचा एक नवाच प्रकार सुचला, आणि स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांनी त्याला 'डेम्लो संख्या' म्हटलं. डोंबिवली स्टेशनावर बाकीच्या माणसाला फक्त चौथी सीट सुचते.

त्या डेम्लो कुळातली एक बघण्यासारखी आहे. नऊ वेळा एक लिहा आणि त्या संख्येला तिनंच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून चढत गेली, नवावर जरा टेकली, तशीच खाली उतरली. सतरा आकडी. ही मोठ्यानं वाचायची तर कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य एवढी गावं मागं टाकून 'मध्य' या स्थानापर्यंत जावं लागतं. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त त्याच्याही पुढं परार्धापर्यंत सोय करून ठेवली आहे. ती सगळी आपल्याला कधी लागेल असं वाटत नाही. थकबाकीला अजून कोटीच पुरतंय.

पण कापरेकरांचं नाव जगभर झालं ते एका साध्या वजाबाकीनं. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. कुंडल हे कुस्तीच्या मैदानाचं गाव, म्हणून ती कुस्तीतच सांगतो. कुठलीही चार आकडी संख्या घ्या. तिचे आकडे मोठ्याकडून लहानाकडं मांडले की एक पैलवान तयार झाला. लहानाकडून मोठ्याकडं मांडले की दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा करायचा. जे उरेल त्याचे पुन्हा तसेच दोन पैलवान करायचे आणि पुन्हा जोड लावायची. जास्तीत जास्त सात कुस्त्यांत निकाल लागतो, आणि निकाल कायम एकच: ६१७४. तिथं पोचल्यावर ७६४१ वजा १४६७ केलं तरी पुन्हा ६१७४ च. मैदान कुणीही भरवा, जोडी कुठलीही लावा, गदा एकाचीच.

मोठमोठ्या गणित्यांनी हा पोरखेळ म्हणून फारसा मनावर घेतला नाही. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिलं, तेव्हा कुठं आपल्याकडच्यांनी माना वळवल्या. कापरेकर तोवर सत्तरीला पोचले होते आणि निवृत्तीनंतर शिकवण्या घेत होते.

तर ही वजाबाकी घेऊन मी गावातल्या गाड्यांकडं वळलो.

दादा आधी. ४४११ वजा ११४४ म्हणजे ३२६७. तिथून ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. सहा कुस्त्या. मग बॉस. ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. याही सहाच. पवारांची गाडी लावली, तर तीही सहाव्या कुस्तीला तिथंच. दादा, बॉस आणि पवार यांच्यात डावंउजवं करायला गणितानं तसूभर जागा ठेवलेली नाही. रामाला, म्हणजे आधी शून्य लावून ०२१४ ला, मात्र सात कुस्त्या लागतात. सात ही कमाल मर्यादा. वनवास धरूनच हिशेब केलेला असणार. आणि याच ओघात मला १७२९ आठवला. रामानुजन इंग्लंडात आजारी पडले होते, त्यांना भेटायला हार्डीसाहेब टॅक्सीनं गेले. टॅक्सीचा नंबर १७२९, अगदीच नीरस बघा, असं ते म्हणाले. रामानुजननी अंथरुणातूनच सांगितलं, छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी मांडता येणारी ही सगळ्यात लहान संख्या. एकाचा घन अधिक बाराचा, किंवा नवाचा घन अधिक दहाचा. त्या टॅक्सीला कापरेकरांच्या मैदानात उतरवलं: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. सात! रामालाही सात आणि रामानुजनलाही सात. यात काही अर्थ नाही हे मला कळतं, पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही हेही खरं.

ज्याला सांगितलं ते आमच्या आळीतले तात्या. आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं, त्यामुळं आकडा दिसला की तो मापून बघायची सवय. त्यांच्या पुतण्याच्या गाडीला ७७७७ आहे. तात्यांनी कागद ओढला, मोठ्याकडून लहानाकडं ७७७७ लिहिले, लहानाकडून मोठ्याकडं ७७७७ लिहिले, आणि पेन्सिल तशीच धरून माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, ह्याचं शून्य आलं की ओ."

येणारच. चारही आकडे सारखे असले की दोन्ही बाजूंना एकच पैलवान, तो स्वतःशी काय लढणार? फक्त असेच नंबर ६१७४ पर्यंत पोचत नाहीत. गावातला सगळ्यात महाग नंबर पहिल्याच जोडीला भुईसपाट.

"म्हनून मी तवाच म्हनत हुतो, म्हस घ्या," तात्या म्हणाले.

मग त्यांनी रास्त प्रश्न विचारला. गाड्यांचं झालं, गावाचं काय?

गावाला नंबर आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. तो लावणारा माणूसही मराठी होता: श्रीराम भिकाजी वेलणकर, दिल्लीत दळणवळण मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर, आणि घरी संस्कृत कवी आणि नाटककार. एका संस्कृत नाटककारानं अख्ख्या देशाला सहा आकड्यांत बसवलं, त्याला आपण पिन कोड म्हणतो. पहिले तीन आकडे टपाल कुठल्या जिल्ह्याच्या पेटीत पडायचं ते सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. आमच्याकडचे पहिले तीन ४१६, म्हणजे कोल्हापूरकडची पेटी. कुंडल ४१६३०९.

चार आकड्यांचं मैदान आणि सहा आकड्यांचं मैदान यात फरक आहे. चार आकड्यांना गदा एकच असते. सहा आकड्यांना दोन: ५४९९४५ आणि ६३१७६४. या दोन संख्या आपल्याच वजाबाकीतून पुन्हा आपणच निघतात. आणि ज्यांना या दोन्हींपैकी एकही मिळत नाही त्यांचं काय होतं ते पुढं येईलच.

पहिला मान जिल्ह्याच्या ठिकाणाचा. सांगली ४१६४१६. हा पिन मुळातच देखणा. पत्ता सांगताना माणसं 'चारशे सोळा चारशे सोळा' असं तालात म्हणतात. तीन आकडे दोनदा लिहिले की ती संख्या १००१ च्या पटीत येते, म्हणून सांगलीला ७, ११ आणि १३ या तिघांनीही निःशेष भाग जातो. आता कुस्ती. ६६४४११ वजा ११४४६६. उत्तर ५४९९४५. पहिल्याच जोडीत गदा! मी वजाबाकी पुन्हा केली. तीच आली.

मग तालुक्याचं ठिकाण. पलूस ४१६३१०. ६४३११० वजा ०११३४६, बरोबर ६३१७६४. हीसुद्धा पहिल्याच जोडीत! दोनच गदा होत्या. एक जिल्ह्यानं नेली, दुसरी तालुक्यानं नेली. आमच्या आणि पलूसच्या पिनमध्ये फरक किती, तर एकाचा. त्यामुळं तात्या बऱ्याच आशेनं पुढं सरकून बसले.

कुंडल. ९६४३१० वजा ०१३४६९, उत्तर ९५०८४१. ठीक आहे, पहिल्या जोडीत नाही तर नाही. त्यातून ९७०८२१. त्यातून ९७४४२१. मग ८४९९४२. मग ७५३५४३. मग ४२०८७६. तात्यांच्या घरून चहा आला, तो पिऊन झाला. ८५१७४२. ७५०८४३. ८४०८५२. ८६०८३२. इथं मला वाटलं आता काहीतरी जमतंय, कारण ८६२६३२ जरा गदेसारखा दिसत होता. नव्हता. ६४२६५४. आणि त्यातून ४२०८७६.

"ह्यो मगाशी येऊन गेला न्हाई का?" तात्यांनी पेन्सिलीनं वरची ओळ दाखवली.

येऊन गेला होता. आणि आता पुन्हा त्याच सात संख्या त्याच क्रमानं येणार होत्या, मग पुन्हा, मग पुन्हा. सहा आकडी संख्यांत हा सात मुक्कामांचा फेरा आहे. त्यात एकदा गेलेली संख्या बाहेर पडत नाही. कुंडल त्यात सापडलं आहे.

मी नाराज झालो, पण तात्या नाही. "ह्यात नवीन काय? जिल्ह्याचं काम जिल्ह्यात हुतं. तालुक्याचं तालुक्यात हुतं. आपलं कायम फिरतंय."

म्हणून आम्ही मुद्दाम वरची ऑफिसं काढून बघितली. मंत्रालय, मुंबई ४०००३२. ४३२००० वजा २३४ म्हणजे ४३१७६६, आणि पुढच्याच वजाबाकीला ६३१७६४. दोन जोड्यांत निकाल, आणि मुक्काम पलूसचाच. याचा राजकीय अर्थ तात्यांनी लगेच लावला. तो इथं देता येत नाही. नवी दिल्ली ११०००१ मात्र पाचव्या वजाबाकीला आमच्याच फेऱ्यात येऊन पडते आणि मग फिरत राहते. सातारा ४१५००१ फेऱ्यात शिरायलाच नऊ वजाबाक्या घेतो. आणि खुद्द कापरेकरांची देवळाली, ४२२४०१? चौथ्या वजाबाकीला फेऱ्यात! ज्यानं हा खेळ शोधला त्याचंच गाव गदेपर्यंत पोचत नाही म्हटल्यावर कुंडलला फार वाईट वाटून घ्यायचं कारण उरलं नाही.

शेजारच्या किर्लोस्करवाडीचं मात्र जरा लागलं. वाडी ४१६३०८. फेऱ्यातच आहे, पण तिथं ती दोन वजाबाक्यांत जाऊन बसते. आम्हाला सहा लागतात. वाडीचं स्टेशन पूर्वी 'कुंडल रोड' होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांच्या आधारानं तिथल्या माळावर कारखाना काढला आणि पुढं रेल्वेनं स्टेशनचं नावच बदललं. नाव गेलं तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

एक संख्या मात्र अशी निघाली की कुंडलची लाज राखली. प्रतिसरकारच्या काळात, १४ एप्रिल १९४४ ला, कुंडलच्या जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्या माणसांनी धुळ्याकडं सरकारी खजिना गाठला. रक्कम साडेपाच लाख सांगतात. वरचे सुटे रुपये बाजूला ठेवून ढोबळ साडेपाच लाखच धरले आणि मांडले: ५५०००० वजा ५५. उत्तर ५४९९४५. सांगलीची गदा! धुळ्याहून निघालेली रक्कम एका वजाबाकीत थेट सांगलीत. १९४४ साली हा जिल्हा अजून झालेलाही नव्हता, पण खजिन्याला रस्ता ठाऊक होता. तात्यांनी हा कागद घडी घालून खिशात ठेवला.

या सगळ्याच्या मुळाशी एक अगदी साधी गोष्ट आहे. तेच आकडे कसेही उलटेपालटे मांडा, त्यांची बेरीज तीच राहते, म्हणून नवानं भागल्यावर उरणारी बाकीही तीच राहते. एकातून दुसरी वजा केली की बाकीतून बाकी गेली. उरलेल्या संख्येला नवानं निःशेष भाग जाणारच. वरची कुठलीही उत्तरं घेऊन आकड्यांची बेरीज करत जा, शेवटी नऊ येईल. हे कळल्यावर मला भाग्यांक सांगणाऱ्यांची काळजी वाटायला लागली. मोबाइल नंबराच्या आकड्यांची बेरीज करून 'तुमचा पाच, बुधाचा, व्यापाराला उत्तम. तुमचा आठ, शनीचा, नंबर बदला' असं सांगणारी मंडळी आता गावोगाव आहेत. एक वजाबाकी केली की शनीवाला, बुधवाला, शुक्रवाला सगळे नवावर, म्हणजे मंगळाच्या दारात. सिम बदलायची गरज नाही, खर्च पेन्सिलीचा.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माणसाजवळ आयुष्यात येणारी खरोखरची मोठी संख्या ही आहे. दहा आकडे, म्हणजे पहिलाच आकडा अब्जाच्या स्थानी. कुंडलच्या बाजारात मेथीची जुडी घेणारी मावशीसुद्धा नऊ अब्जांवरची रक्कम तोंडपाठ म्हणून दाखवते, तीही जोडीजोडीनं, 'अठ्ठ्याण्णव, बावीस' करत, जशी काही ती रक्कमच नाही. या बाबतीत मालकाला फार मिजास करायला जागा नाही, कारण म्हशीच्या कानात जो पिवळा बिल्ला असतो त्यावर बारा आकडे असतात. मोबाइलपेक्षा म्हैस दोन स्थानांनी मोठी. आधार कार्ड काढलं की बरोबरी होते.

दहा आकडी संख्यांत साधारण तेविसात एक मूळ संख्या असते, म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच भागत नाही अशी. तेव्हा गावच्या पारावर दोन डझन माणसं बसली असतील तर त्यांत एखादा असा असणार, ज्याच्या नंबरात कुणालाही वाटा नाही. भाऊबंदकीच्या मुलखात ही केवढी मोठी गोष्ट, पण त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो. तपासायचं तर एक लाखाच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, आणि त्या ९,५९२ आहेत. मला हे सुचलं तेव्हा घरातल्यांनी डाळ दळून आणायला पाठवलं.

वजाबाकी त्यापेक्षा बरी. दहा आकड्यांच्या मैदानात गदा तीन. त्या तिन्ही संख्या अशा आहेत की मोबाइल नंबर म्हणून खुशाल चालाव्यात: एक त्रेसष्टनं सुरू होते, एक सत्त्याण्णवनं, एक नव्व्याण्णवनं. मी त्या इथं पूर्ण छापत नाही. ज्याचा तो नंबर असेल त्याच्या मागं उद्या सकाळपासून गणिताचे हौशी लागतील, आणि तो मनुष्य उसाला पाणी द्यायच्या घाईत असेल. मधली संख्या ज्याची त्याला काढता येते: शून्यापासून नवापर्यंतचे दहाही आकडे उतरत्या क्रमानं मांडून त्यांतून चढते वजा केले की ती हजर होते, आणि गंमत म्हणजे तिच्यातही पुन्हा दहाचे दहा आकडे एकेकदाच असतात. बाकीचे पुष्कळ नंबर फेऱ्यांत जातात. माझा गेला. तीन मुक्कामांचा छोटासा फेरा, घराजवळचा.

तात्यांचा नंबर मात्र हट्टी निघाला. पाठपोट वजाबाक्या झाल्या, संध्याकाळ झाली, तात्यांनी चष्मा दोनदा पुसला, आणि शेवटी तो सत्त्याण्णववाल्या संख्येवर जाऊन थांबला तो थांबलाच. तात्यांनी लेथवरचं माप तपासावं तसे दहाही आकडे एकेक करून बोटानं तपासले. मग मी काही म्हणायच्या आत मोबाइल काढून तो नंबर लावला.

"अहो तात्या, कुणाचा असंल तो!"

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि फोन कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग बंद केला.

"बाई म्हनती, सध्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त हाय," तात्या म्हणाले. "असनारच. सगळं तितंच येतंय म्हनल्यावर."